आजीच्या माहेरी

गुरुवार

महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेहून सुटली तेव्हा बाहेर काळोख होता. कृष्णेचा पूल खडखडत गेला, जयसिंगपूर मागं पडलं आणि हातकणंगल्याच्या अलीकडं फटफटायला लागलं. दोन्ही बाजूंना ऊस. काही फडांत तोडणी सुरू झाली होती, कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या. जानेवारीचा गारठा असूनही मी खिडकी उघडी ठेवली. आजी याच वाटेनं दर मे महिन्यात येत असे आणि रुकडी गेलं की सामान आवरायला घेत असे, असं आई सांगायची.

मी आजीचं माहेर बघायला निघाले होते, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. आजीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"माझं माहेर कोल्हापूरला," असं ती सांगायची, तेव्हा आम्हा नातवंडांना वाटायचं तिथं मोठा वाडा असेल, मामा-माम्या असतील. तिचं माहेर म्हणजे मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं, हे खूप मोठं झाल्यावर कळलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडं 'मानमोडी' म्हणत. त्या मानमोडीत पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात तिचे आई-वडील आठवड्याभरात एकामागोमाग गेले. चुलत्यानं तिला बैलगाडीत घातलं, कोल्हापूरला आणलं आणि मिशनच्या फाटकात सोडलं. तेव्हा ती चारेक वर्षांची असावी. 'असावी'च म्हणायचं, कारण तिची जन्मतारीख सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. शाळेत नाव घालताना १ जून लिहिली गेली. शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ही सोयीची तारीख महाराष्ट्रात हजारो लोकांच्या दाखल्यांवर आहे. पण आजीनं ती कधी सोयीची मानली नाही. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसायची आणि शेवयांची खीर करायची.

'अनाथाश्रम' हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही. 'बोर्डिंग' म्हणायची, तेही 'आमचं बोर्डिंग'. पुण्यात साठ वर्षं काढूनही तिचं बोलणं कोल्हापूरचंच राहिलं. 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणायची. शेजारच्या बायका हसायच्या, ती मात्र आपलं बोलणं सोडायची नाही.

स्टेशनवर उतरले, जवळच्याच लॉजवर पिशवी टाकली आणि चहा घेऊन मिशन कंपाऊंडकडं चालत निघाले. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च शोधावं लागत नाही, रिक्षावाल्यांना ते माहीत आहे. ज्यांच्या नावानं ते उभं आहे ते अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर आधी नगरला होते आणि १८५२ च्या डिसेंबरात कोल्हापूरला आले. पुढं त्यांना पाठवणाऱ्या संस्थेनं कोल्हापूरचं काम सोडायचं ठरवलं. वायल्डर यांनी ते सोडलं नाही. बरीच वर्षं त्यांनी ते स्वतंत्रपणे रेटलं आणि १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं ते आपल्याकडं घेतलं. प्रवचनं आणि पत्रकं हे तर त्यांचं काम होतंच, पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ही, की त्यांच्या शाळांमधून तीन हजारांवर मुलं शिकली आणि त्यांत तीनशेच्या आसपास मुली होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुलीच्या हातात पाटी देणं म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच, कोल्हापुरात जन्मला.

आवारात सकाळची शांतता होती. एक बाई झाडलोट करत होत्या. "सलाम, ताई," म्हणाले. त्यांनी केरसुणी खाली ठेवून दोन्ही हातांनी सलाम केला. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतला हा 'सलाम' आता पुण्यात फार ऐकू येत नाही. तो ऐकला आणि परक्या गावात असल्यासारखं वाटेना.

आजी सांगायची त्या बोर्डिंगच्या खुणा मी शोधत फिरले. पहाटे साडेचारला टोल पडायचा. घंटा नव्हती, रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि त्यावर लोखंडी कांब वाजवायची. मोठ्या मुली जात्यावर बसायच्या, मधल्या पाणी भरायच्या, धाकट्या अंगण झाडायच्या. मग प्रार्थना, न्याहारीला आंबील किंवा रात्रीची भाकरी, आणि शाळा. दुपारी शिवण आणि क्रोशाचं काम. रविवारी शब्बाथशाळा. उवा झाल्या की सगळ्यांचे केस एकदम कापायचे, त्या दिवशी मोठमोठ्या मुलीही रडायच्या. शनिवारी पत्रं लिहायचा तास असायचा. ज्यांना पत्र लिहायला कुणी नव्हतं त्यांनीही एक पत्र लिहायचंच, असा नियम होता. आजी चुलत्याला लिहायची. त्याचं उत्तर एकदाही आलं नाही. पण तिचं अक्षर मोत्यासारखं झालं ते त्या शनिवारांमुळं, असं ती म्हणायची. पुढं ती मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली आणि शिक्षिका झाली.

आता ती इमारत नाही. जातं नाही, रूळ नाही. जुनी झाडं आहेत, पण त्यांतलं तिचं कोणतं ते मला कसं कळणार?

दुपारी शहरातल्या एका जुन्या चर्चच्या कचेरीत गेले. आधी फोन केला होता. पाळकसाहेबांनी कपाट उघडून जुन्या नोंदवह्या टेबलावर ठेवल्या, पानं उलटायला एक कापसाचा बोळा दिला आणि स्वतः समोर बसून राहिले. बाप्तिस्म्याच्या नोंदींत काही सापडलं नाही. ती वर्षंच त्या वहीत नव्हती. लग्नाच्या वहीत मात्र १९३४ चं पान निघालं. आजोबांचं नाव, पुण्याचा पत्ता, धंदा शिक्षक. आजीचं नाव. वडिलांच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. आणि राहण्याचं ठिकाण: बोर्डिंग.

१८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लग्नाला दोन साक्षीदार लागतात. पहिली सही इंग्रजीत होती, बोर्डिंगच्या मिससाहेबांची. दुसरीकडं सही नव्हती, अंगठा होता. शाई थोडी पसरलेली, पण रेषा अजून मोजता येतील इतक्या स्पष्ट. खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बोर्डिंगची स्वयंपाकीण'.

मला हुंदका आवरेना. ही मावशी. आजीच्या प्रत्येक गोष्टीत ही मावशी असायची. ताप आला की पदराखाली घेणारी, भाकरीचा पापुद्रा काढून त्याला तेल-मीठ लावून गुपचूप देणारी, केस कापले त्या रात्री डोक्यावरून हात फिरवत बसलेली. तिला अक्षर येत नव्हतं हे आजीनं कधी सांगितलं नव्हतं. लग्नात मुलीच्या बाजूनं उभं कोण राहणार, असा प्रश्न तेव्हा आला असेल, आणि मिससाहेबांच्या शेजारी मावशी उभी राहिली असेल. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या तेवढा पुढं सरकवला.

शुक्रवार

सकाळी अंबाबाईचं बाहेरूनच दर्शन घेतलं. रांग मोठी होती आणि माझं मन आदल्या दिवसाच्या पानावरच होतं. तिथून दसरा चौकात आले.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून चारी बाजूंना पाहिलं की ते कळतं. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चं. मागोमाग लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत, आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर राहायचं कुठं आणि जेवायचं काय, हा प्रश्न महाराजांनी शाळेच्या आधी सोडवला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या आई-बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आजी शाळेच्या वयाची झाली ती त्याच सुमाराला, याच संस्थानात.

एक गोष्ट मला इथं उभी राहिल्यावरच आठवली. शाहू तीन वर्षांचे असताना त्यांची आई, राधाबाई, गेली. दहाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि दोन वर्षांत वडील जयसिंगरावही गेले. काल पहाटे मी ज्या जयसिंगपूरवरून आले त्या गावाचं नाव या वडिलांवरून आहे. राजवाड्यात वाढलेल्या मुलाला पोरकेपण माहीत नसतं, असं कोण म्हणेल? त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण परक्या गावात एकट्या पडलेल्या पोरासाठी इतकी घरं बांधणाऱ्या माणसाबद्दल विचार करताना ही दोन मरणं मला बाजूला ठेवता येत नाहीत.

याच चौकातल्या जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहून शिकत होता, तो पुढं कर्मवीर भाऊराव पाटील झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. संस्थांच्या इतिहासात संस्थापकांचे फोटो असतात. भाकरी थापणारे हात क्वचित दिसतात. लक्ष्मीबाईंचं नाव निदान राहिलं. माझ्या आजीच्या मावशीचा अंगठा राहिला.

दुपारी रिक्षानं कोल्हापूरजवळच्याच गांधीनगरला. हे आता कापडाचं मोठं मार्केट आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ते उभं केलं. पण त्यांच्याही आधी इथं, वळिवड्याच्या माळावर, १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून त्यांना उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. वाटेत उपासमारीनं आणि तापानं कितीतरी जण गेले, म्हणून आई-बाप नसलेली मुलं पुष्कळ होती. जामनगरच्या महाराजांनी जवळच्या बालाचडीला अशा मुलांना आसरा दिला होता. ते केंद्र १९४६ मध्ये बंद झालं तेव्हा तिथली मुलंही वळिवड्याला आली. बराकींच्या त्या वसाहतीत चर्च होतं, शाळा होत्या, दवाखाना होता, अनाथ मुलांचं वेगळं घर होतं, स्काउटची पथकं होती. करवीर तालुक्याच्या मधोमध पोलिश भाषेचं एक बेटच.

आई तेव्हा लहान होती. मे महिन्यात आजीबरोबर आली असताना बाजारात तिनं पिवळ्या केसांची दोन मुलं पाहिली. मोडक्या मराठीत ती केळ्यांचा भाव करत होती. आजीनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि आईला म्हणाली, "बघ, ही पण बोर्डिंगचीच."

त्या बराकींतलं आता फारसं काही दिसत नाही. एका दुकानदाराला विचारलं, तर त्यांनी हातातलं कापड मापायचं थांबवून पत्ता सांगितला आणि वर म्हणाले, "अजून येतात की त्यांची नातवंडं, फोटो घेऊन." परतताना महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभापाशी थांबले. आजूबाजूला मुलं घसरगुंडीवर खेळत होती. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. तुम्ही आम्हाला ठेवून घेतलं, हे त्यांनी तिथं दगडात लिहून ठेवलं.

शनिवार

आजचा दिवस मी ज्यासाठी राखून ठेवला होता ते शिरोळ तालुक्यातलं एक बालगृह. एक ख्रिस्ती संस्था ते मुलींसाठी चालवते. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्यानं अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. फोन मी फाटकाशीच पिशवीत टाकला.

कृष्णेच्या वळणात वसलेलं गाव. तिन्ही बाजूंनी नदीची चाहूल, चौथीकडून रस्ता. खिद्रापूर इथून फार लांब नाही, पण कोपेश्वराच्या स्वर्गमंडपातले अठ्ठेचाळीस खांब बघायला मी थांबले नाही. तो वेगळा दिवस हवा.

इमारतीचं जोतं उंच आहे, अकरा पायऱ्या. फाटकाच्या खांबावर निळ्या रंगाची एक रेघ आणि पुढं '२०१९'. रेघ माझ्या खांद्याच्या वर होती.

अधीक्षक ताईंनी आधी व्यवस्थित नोंद केली, परवानगीचं पत्र फायलीत लावलं आणि मग चहा मागवला. मला हे आवडलं. इथं साठच्या आत मुली. प्रत्येक मुलगी बालकल्याण समितीच्या आदेशानं येते, कुणी आणून सोडली म्हणून ठेवून घेता येत नाही. आणि अगदी कुणीच नाही अशा मुली थोड्याच. कुणाचे वडील गेलेले आणि आई ऊसतोडीला, कुणाची आई गेलेली आणि बाप दारूत, कुणाचे दोघेही आहेत पण घर नाही. मुली जातात त्या गावच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, पुढं शेजारच्या हायस्कुलात. "आमची वेगळी शाळा नको होती," ताई म्हणाल्या. "गावातल्या पोरींबरोबर बाकावर बसल्या की यांच्या कपाळावरचा शिक्का पुसतो."

माझ्या मनात एक प्रश्न होता, तो मी विचारला. बोर्डिंगनं आजीला धर्मही दिला, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. इथं काय? त्या शांतपणे म्हणाल्या, की ज्या धर्माची मुलगी आली त्याच धर्माची राहते, फायलीत तसं लिहिलेलं असतं. सकाळच्या प्रार्थनेला बसायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. दिवाळीत आकाशकंदील लागतो, ईदला शीरखुर्मा होतो, नाताळला तारा. मी आजीलाही एकदा कॉलेजच्या वयात तावातावानं हाच प्रश्न केला होता. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाई, खरं हाय. पर मानमोडीनं तरी कुठं इचारलं हुतं?" मग थोड्या वेळानं, "आता मात्र हे माझं हाय. आता कुणी काढून घ्यायला आलं तर मी देणार न्हाई."

शाळा अर्धा दिवस होती. बाराला मुली आल्या आणि आवार भरून गेलं. "मी आधी आलो!" "मी ताट घेतो!" सगळीकडं हेच. आजीची बोली साठ तोंडांतून एकदम ऐकू आली.

जेवण पंगतीत. भाकरी, पातळ आमटी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. वाढणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणतात. वय साठीच्या पुढं, हातात दोन-दोन हिरव्या बांगड्या, पदर खोचलेला. मी उठायला लागले तर खांद्यावर हात ठेवून बसवलं. "बसा वो. आजून आर्धी भाकरी घ्या. पुण्याची मान्सं लई कमी खात्यात."

दुपारी त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या, मीही सूप घेऊन बसले. महापुराचं विचारलं.

"आमी चार दिस बेटावर ऱ्हायलो बघा," त्या म्हणाल्या. ऑगस्ट २०१९. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगलेल्या, रस्ता बुडाला, वीज गेली. बरंच गाव आधीच बाहेर पडलं होतं. यांची गाडी यायच्या आत पाणी वेशीत आलं. इमारत उंचावर म्हणून सगळ्यांनी वरच्या मजल्यावर राहायचं ठरलं. शेजारच्या दोन घरांतली माणसं आणि एक शेळीही वर घेतली. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला मोजून मापून, टाकीतलं. दिवसातून दोनदा खिचडी. रात्री वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून धाकट्या पोरी झोपायच्या नाहीत, म्हणून मावशी दोन खोल्यांच्या मध्ये उंबऱ्यात झोपायच्या, दोन्हीकडं हात पुरावा म्हणून.

"आणि पायरीची रेघ सांगा की," मागून आवाज आला. बारावीतली एक मुलगी केस पुसत उभी होती. त्या पुराच्या वेळी ती बारा वर्षांची होती. ताईंनी तिच्याकडं काम दिलं होतं: दर दोन तासांनी खाली उतरायचं, पाणी ज्या पायरीला टेकलं असेल तिथं खडूनं रेघ मारायची आणि वहीत वेळ लिहायची. "पयली रेघ चौथ्या पायरीवर. मग पाचवी, सातवी. नववी बुडाली तवा मी लई भ्यालो. वरच्या पोरींना सांगितलंच न्हाई, फकस्त ताईंना सांगितलं. मग रात्री एकला गेलो तर पाणी तितंच. पहाटे बोटभर उतरलेलं. वर पळत गेलो आणि सगळ्यांना उठवलं." ती वही तिनं अजून जपून ठेवली आहे, मला आणून दाखवली. तारीख, वेळ, पायरी, असे तीन रकाने. हवामानशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगवहीपेक्षा मला ती मोलाची वाटली. भीतीला मोजमाप दिलं की ती हाताळता येते, हे त्या ताईंना कुणी शिकवलं असेल?

तिला नर्सिंगला जायचं आहे, मिरजेला. बोलता बोलता तिनं दाखल्याची प्रत काढली. जन्मतारीख, १ जून.

मी दोनदा वाचली. ही तान्ही सापडलेली, हिचीही तारीख कुणीतरी बसवलेली. येत्या १ जूनला ती अठरा वर्षांची होईल आणि कायद्यानं बालगृहातून बाहेर पडेल. पुढं अनुरक्षण गृहात राहता येतं, एकविसाव्या वर्षापर्यंत, पण ते दुसऱ्या शहरात. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवल्या, हे मोठंच पाऊल होतं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवं आणि तिचं ते झालं आहे. ताई त्या कागदासाठी किती वेळा कचेऱ्यांत गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही. फायलीची जाडी मात्र दिसत होती.

"वाढदिवसाचे केक घेऊन येणारे पुष्कळ," निघताना ताई म्हणाल्या. "पोरींना ओळीनं उभं करून फोटो मागतात, तो देता येत नाही म्हणून रुसतात. आम्हाला दर मंगळवारी येऊन गणित शिकवणारं कुणीतरी हवंय." मी भाषेची शिक्षिका. गणित नको, पण व्याकरण चालेल का, असं विचारून आले. त्या नाही म्हणाल्या नाहीत. महिन्यातला एक शनिवार फोनवरून पडद्यावर आणि सुट्टीत प्रत्यक्ष, असं तूर्त ठरलं आहे.

रात्री जयसिंगपूरला चुलत नणंदेकडं मुक्काम. तिनं भडंग आणि ताक पुढं केलं, गप्पा मारायच्या होत्या तिला. मला बोलवेना.

रविवार

सकाळी पुन्हा तिकडंच. गावातल्या छोट्या चर्चमध्ये उपासना होती. बालगृहातल्या वीसेक मुली आल्या होत्या, बाकीच्या मागं अभ्यासाला. पेटी आणि ढोलकीवर भजनं झाली, चाल अगदी वारकरी वळणाची. एका कडव्याला शेजारच्या चिमुरडीनं मला पुस्तकातली ओळ बोटानं दाखवली. तिला वाटलं मला वाचता येत नसेल, कारण मी गात नव्हते. मला तो सूर आजीच्या आवाजात ऐकू येत होता.

जेवायला आज कोंबडीचा रस्सा. महिन्यातून एका रविवारी असतो, म्हणून सकाळपासून चर्चा तीच. तो चुलीवर असतानाच रिक्षा थांबली आणि एक तरुण बाई उतरल्या, कडेवर बाळ, मागं नवरा, त्याच्या हातात मोसंब्यांची पिशवी. सगळ्या मुली धावल्या. इथंच वाढलेली, आता इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघते. बाळ तीन महिन्यांचं, पहिल्यांदाच आणलेलं. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, बाळाला घेतलं, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला निघाल्या. मग थबकल्या, ताईंकडं पाहिलं. ताई हसून म्हणाल्या, "ओवाळा की." बाळाच्या आईला पाटावर बसवून त्यांनी आधी डिंकाचा लाडू दिला. डबा आधीच भरून ठेवलेला होता. म्हणजे ती येणार हे माहीत होतं, किंवा कुणीतरी येईल म्हणून डबा नेहमीच भरलेला असतो. मी विचारलं नाही.

माझी गाडी दुपारची होती. निघताना बारावीतली मुलगी फाटकापर्यंत सोडायला निघाली. तिच्या हातात माझी पिशवी, मावशींनी तिच्यात गुळाची ढेप आणि ओल्या हरभऱ्याचे डहाळे कोंबलेले. नवव्या पायरीवर ती थांबली.

"तुमच्या आजी बोर्डिंगमधनं गेल्या ना लगीन होऊन," ती म्हणाली, "मग त्यास्नी परत येऊ द्यायचे का? सुट्टीत वगैरे?"

"दर मे महिन्यात यायची. माझी आई कडेवर असल्यापासून. महिनाभर राहायची."

"म्हयनाभर?"

"कैऱ्या संपेपर्यंत."

ती वळली आणि वर पायऱ्यांकडं बघून ओरडली, "मावशी! ऐकलासा का?"